शिल्का आणि चिलिका

वार्षिक वैद्यकीय तपासणीत आमच्या डॉक्टर मेजर बाईंनी माझ्या श्रवणशक्तीचा आलेख पुढे सरकवला. डाव्या कानाची रेघ सरळ चालत येऊन चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरली होती. "सर, हा गनरचा कान आहे. गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळा," त्या म्हणाल्या.

मी आर्मी एअर डिफेन्सचा अधिकारी. मराठीत हवाई संरक्षण तोफखाना म्हणू या. तरुणपणी एल-७० तोफांजवळ आणि शिल्कांवर कानात काही न घालता उभा राहिलो. कानात बोळे घालणं हे नवशिक्याचं लक्षण, अशी आमच्या वेळच्या लेफ्टनंटांची समजूत होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिल्का म्हणजे रणगाड्यासारख्या गाडीवर बसवलेल्या २३ मिलिमीटरच्या चार नळ्या. चारही एकदम सुटल्या तर गोळ्यांचा वेग मिनिटाला तीन हजारांच्या वर जातो. गंमत म्हणजे शिल्का हे मुळात रशियातल्या एका नदीचं नाव. नदीचं नाव दिलं आणि आवाज हा असा!

आमचं कॉलेज ओडिशात, गोपालपूरला समुद्रकाठी आहे. पूर्वी हे शिक्षण आपल्या देवळालीत होई. १९८९ साली शाळा इथे आली, त्यामुळे जुने लोक अजूनही बोलताना मध्येच देवळालीच्या थंडीची आठवण काढतात. गोपालपूरहून किनाऱ्याने ईशान्येकडे गेलं की चिलिका सरोवर लागतं. शिल्का आणि चिलिका या दोन नावांनी आमच्या मेसमध्ये कितीतरी विनोद झाले. पण आज जे लिहायचं आहे ते विनोदाचं नाही. शांत पाण्यावर इंजिन आलं की नक्की काय बिघडतं, हे मला माझ्या बिघडलेल्या कानामुळे आणि या सरोवरामुळे कळलं.

चिलिका सरोवर म्हणतात खरं, पण ते खाजण आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळूची अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीपलीकडे बंगालचा उपसागर. लांबी सुमारे ६४ किलोमीटर. पावसाळ्यात पाणी साडेअकराशे चौरस किलोमीटरच्या वर पसरतं, उन्हाळ्यात नऊशेच्या आसपास येतं. खोली मात्र बऱ्याच ठिकाणी माणूसभरही नाही. १९८१ साली राजस्थानातल्या केवलादेवबरोबर रामसर यादीत गेलेली ही देशातली पहिली पाणथळ जागा. नंतर समुद्राकडचं तोंड गाळानं बुजत गेलं, पाणी गोडं होऊ लागलं, मासळी घटली आणि १९९३ मध्ये धोक्यातल्या जागांच्या यादीत चिलिकाचं नाव लागलं. मग २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूची पट्टी कापून नवं मुख उघडलं. समुद्र आत आला, मासे आले आणि २००२ मध्ये ते नाव धोक्याच्या यादीतून निघालं.

मी पहिल्यांदा चिलिकावर गेलो ते नवं मुख उघडल्यानंतर काही महिन्यांनी, यंग ऑफिसर्स कोर्सच्या एका रविवारी. आम्ही चार लेफ्टनंट सातपडाहून डॉल्फिन बघायला निघालो. पहिला कल्ला दिसला तसं आम्ही नावाड्याला ओरडून सांगितलं, "पकडो, और तेज!" वर पन्नास रुपये जास्त कबूल केले. त्यानं इंजिन पिळलं. दुसऱ्या तीन बोटी विरुद्ध बाजूंनी आल्या. डॉल्फिन बुडाला तो परत दिसला नाही. आम्ही हिरमुसून नावाड्यावरच चिडलो. आज ते आठवलं की मान खाली जाते, कारण पाठलाग आणि कोंडी यांचं शास्त्र शिकायलाच आम्ही सरकारी खर्चानं तिथे आलो होतो.

आता थोडं मागे जातो, कारण त्या पाण्याचा आणि आपला जुना संबंध आहे. १७५१ साली ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि बावन्न वर्षं राहिला. इंग्रजांचं कलकत्ता वर, मद्रास खाली आणि मध्ये मराठ्यांचा मुलूख. हे त्यांना खुपत होतं. १८०३ मध्ये दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात सप्टेंबरच्या पावसात कर्नल हारकोर्टची फौज गंजामहून निघाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चिलिका, मधल्या वाळूच्या पट्टीवरून ती माणिकपाटण्याला आली. तिथे चिलिकाचं पाणी समुद्राला मिळे. ती वाट अडवायला मूठभर माणसं आणि दोन तोफा पुरल्या असत्या. तिथला मराठ्यांचा फौजदार फतेह महंमद. त्यानं वाट अडवली नाही. पुढे इंग्रजांनी त्याला मालूदच्या बाजूला जहागीर दिली, यावरून काय समजायचं ते समजावं. १८ सप्टेंबरला पुरी गेली, १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबती किल्ला पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहानं ओडिशा कायमचा गेला.

आमच्या धंद्यात याला पूर्वसूचना हरपणं म्हणतात. शत्रू किती मोठा आहे हा प्रश्न नंतरचा. तो येतो आहे हे वेळेवर कळलं की नाही, हा पहिला. माणिकपाटण्याला चौकीदारच विकला गेला होता. सूचना गेली की पुढचं सगळं उशिराचं.

आज मालूदच्या रस्त्यानं जान्हिकुड्याला गेलं की फेरीबोटीनं सातपडाला उतरता येतं. हारकोर्टची फौज याच बाजूनं गेली. आणि ज्या बाहेरच्या खाडीच्या काठानं ती पुढे सरकली, तीच खाडी चिलिकाच्या डॉल्फिनांचं मुख्य घर आहे.

हे इरावदी डॉल्फिन. चोच नाही, कपाळ गोल, पाठीवर छोटासा कल्ला, अंग राखाडी. उड्या मारून दाखवणारी ही जात नव्हे. हळूच वर येतात, फुस्स करून श्वास टाकतात आणि जातात. विशाखापट्टणमच्या बंदरात १८५२ साली मिळालेल्या नमुन्यावरून रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. चिलिकातली त्यांची नोंद नेल्सन अॅनंडेल यांनी १९१५ मध्ये केली. पुढच्याच वर्षी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. आज चिलिकात हे डॉल्फिन दीडशेच्या आसपास आहेत. म्हणजे आपल्या एका कंपनीच्या हजेरीपटावर मावतील एवढे.

दुसऱ्यांदा गोपालपूरला मी शिकवायला आलो. कानाचा तो आलेख याच काळातला. रविवारी मुलीला घेऊन सातपडाला जाऊ लागलो आणि तिथे एक वयस्क नावाडी ओळखीचे झाले. जातीचे मच्छीमार. ओडिशात वडीलधाऱ्या माणसाला मउसा म्हणतात, म्हणून मीही मउसा म्हणू लागलो. ते मला आधी 'आज्ञा' म्हणत, मग 'साब', आणि वर्षभरानं नुसतं 'बाबू'.

मउसांच्या लहानपणी त्यांच्या गावात एकही इंजिन नव्हतं. सपाट तळाची नाव, बांबू आणि शीड. "तेव्हा रात्री वडील नावेत आडवे होऊन फळीला कान लावत," ते म्हणाले. "मासळीचा थवा कुठून जातो ते लाकूड सांगे." मग ऐंशीच्या दशकात झिंग्याला परदेशात भाव आला. माल लवकर काठावर पोचवला तर बर्फात पडतो, नाहीतर पडून राहतो. शेतीपंपाचं डिझेल इंजिन नावेच्या मागच्या टोकावर आलं, त्याला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. उथळ पाण्यात हा दांडा वर उचलता येतो, म्हणून तो इथे सोयीचा. पैसा बाहेरच्यांच्या नजरेतही आला. कोळंबीच्या घेऱ्यांवरून भांडणं पेटली आणि १९९९ च्या मे महिन्यात सोरानला पोलिसांच्या गोळीबारात चार मच्छीमारांचे प्राण गेले. मासळीचा भरवसा उरला नाही तसे अनेक जण पर्यटकांकडे वळले. इंजिन तेच, फक्त जाळ्याच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या.

मी मउसांना विचारलं, आवाजाचा त्रास नाही होत? ते हसले. "बाबू, पोट भरलं की कानाला त्रास होतो."

हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं. तरी डॉल्फिनाचं काय होतं ते सैनिकाच्या भाषेत सांगतो. चिलिकाचं पाणी गढूळ. तिथे डोळा निरुपयोगी. डॉल्फिन टकटक असे बारीक ध्वनी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा, जाळं, बोट, पिल्लू ओळखतो. म्हणजे त्याचं रडार आणि वायरलेस दोन्ही आवाजावर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५००. त्यामुळे पाण्याखाली इंजिन दूरवर ऐकू येतं. बोट जसा वेग घेते तसे पंख्याभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि त्यांचा कल्लोळ खालच्या सुरापासून फार वरच्या सुरापर्यंत पसरतो. आम्ही शत्रूच्या रडारवर असा कल्लोळ मुद्दाम सोडतो. त्याला जॅमिंग म्हणतात. चिलिकात ते कुणी मुद्दाम करत नाही, एवढाच फरक.

त्यात वेग मिसळा. ताशी तीस किलोमीटरची बोट सेकंदाला आठ मीटरहून जास्त जाते. एक बोट असेल तर डॉल्फिन दिशा ठरवून बाजूला होतो. चार बोटी चार दिशांनी आल्या, पाणी कमरेएवढं असलं आणि रडार जॅम झालं, तर जायचं कुठे? चिलिकात डॉल्फिन मरतात त्यांत जाळ्यात गुदमरणारे आहेत, तसे पंख्यानं कापलेलेही आहेत.

रडार येण्यापूर्वी आमच्याच क्षेत्रात माणसं कानांवर विसंबून होती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेंज इथे १९२० च्या दशकाच्या शेवटी काँक्रीटचे प्रचंड श्रवणआरसे बांधले. त्यांतली एक वक्र भिंत २०० फूट लांब आहे. येणाऱ्या विमानाचा आवाज गोळा करून पुढे बसलेल्या माणसाच्या कानात घालायचा, ही कल्पना. ती दोन गोष्टींनी मोडली. आजूबाजूची जहाजं आणि गाड्या यांचा गोंगाट मध्ये येई. आणि विमानं इतकी वेगवान झाली की आवाज कानी पडेपर्यंत हाती वेळच उरेना. वर्गात मी हा धडा शिकवत असे. गोंगाट आणि वेग, दोघे मिळून पूर्वसूचना खातात. चिलिकाच्या डॉल्फिनाचा प्रश्न शब्दाशब्दानं हाच आहे, हे मला शिकवायला लागल्यावर पहिल्याच सत्रात कळायला हवं होतं. कळलं उशिरा.

आता विमानांकडे वळतो. पाण्यावर उतरणारी विमानं आपल्याकडे नवी नाहीत. १९३८ च्या सुमारास इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या नौका कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद अशा पाण्यांवर टेकत कलकत्त्याला हुगळीवर उतरत. १९३९ च्या जूनमध्ये त्यांतली 'सेंच्युरियन' हुगळीवर उतरताना उलटलीही. युद्धानंतर धावपट्ट्या झाल्या आणि ते पर्व संपलं. मग २०१० च्या अखेरीस अंदमानात 'जल हंस' आलं. २०१३ च्या जूनमध्ये केरळनं कोल्लमच्या अष्टमुडीवरून सीप्लेन सुरू करायचं ठरवलं, तेव्हा अलप्पुळ्याच्या मच्छीमारांनी आपल्या नावा पाण्यात आणून विरोध केला आणि विमान तिथे उतरू शकलं नाही. २०२० मध्ये साबरमतीवरून केवडियाला सेवा सुरू झाली, ती काही महिन्यांत थांबली. आणि २०१८ मध्ये पाण्यावरच्या विमानतळांसाठी जी पहिली नावं पुढे आली त्यांत साबरमती आणि सरदार सरोवराबरोबर चिलिकाही होतं. वन्यजीव अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतले.

मेसमध्ये यावर वाद झाला. आमच्यातले काही म्हणाले, एका छोट्या विमानानं काय होतं? हवाई विषय, म्हणून मी बोललो. खरं सांगायचं तर हवेतल्या विमानाचा आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. जवळजवळ सरळ डोक्यावरून आलेला तेवढा शिरतो, बाकीचा पृष्ठभागावरून परततो. त्यामुळे डॉल्फिनाला खरा त्रास विमान पाण्याला टेकून धावतं तेव्हाचा. पण पक्ष्यांचं तसं नाही. हिवाळ्यात चिलिकावर दहा लाखांच्या आसपास पक्षी असतात, कितीतरी जण हिमालयापलीकडून आलेले. नलबण बेट तर त्यांच्यासाठी १९८७ पासून अभयारण्य आहे. विमानाच्या आवाजानं थवा उठला की प्रत्येक उड्डाणात अंगावरची चरबी जळते, आणि परतीच्या प्रवासाला तीच शिदोरी. शिवाय पक्ष्यांच्या थव्यात विमान घालणं हे पक्ष्यांइतकंच वैमानिकाला वाईट. आणि विमानासाठी मोकळं पाणी राखायचं म्हणजे तिथल्या जाळ्यांना उठवायचं. केरळचे मच्छीमार हेच म्हणत होते. मी हा लेख लिहीपर्यंत तरी चिलिकावर अशी नियमित सेवा सुरू झालेली नाही.

एका तरुण कॅप्टननं मला थेट विचारलं, "सर, आणि आपण रेंजवर तोफा डागतो त्याचं काय?" प्रश्न योग्य होता. मी म्हणालो, आपला आवाज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिशेला, आधी सूचना देऊन होतो, आणि देशाला त्याची गरज आहे. पण आवाज तो आवाजच. गरजेचा आहे म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. माझा कान याला साक्षीदार आहे.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी. पर्यटक थांबले, बोटी काठाला लागल्या. काही आठवड्यांनी कामानिमित्त त्या बाजूला गेलो तेव्हा जेट्टीवर उभा राहिलो. माझ्या कानात आता कायमची एक बारीक शिटी असते. इतकी शांतता होती की त्या दिवशी मला ती शिटी स्पष्ट ऐकू आली, आणि तिच्या पलीकडे पाण्याचं चुबुक चुबुक. मला फार बरं वाटलं. मउसा भेटले. त्यांना बरं वाटत नव्हतं. महिनाभर एक रुपया मिळाला नव्हता. "तुमच्यासाठी शांत आहे, बाबू. आमच्यासाठी बंद आहे," ते म्हणाले. मी युनिटच्या शिध्याच्या मदतीत त्यांच्या वस्तीचं नाव घातलं, पण त्यांचं वाक्य काही पुसलं गेलं नाही. इंजिन बंद करा एवढंच म्हणून सुटका नाही. इंजिन नसताना त्या घरात चूल कशी पेटेल, हे त्याच दमात सांगावं लागतं.

सांगण्यासारखं काही आहे. केरळात वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही पंचाहत्तर प्रवाशांची सौरबोट चालते. ती रोजच्या माणसांची फेरीबोट आहे, डिझेलचा खर्च नाही आणि गप्पा मारायला ओरडावं लागत नाही. असं यंत्र सातपडाच्या नावाड्यांच्या हाती, त्यांच्या मालकीचं, परवडणाऱ्या कर्जात आलं तर आवाज आणि चूल यांचं भांडण बरंचसं मिटेल. तोवर साधे नियम आहेत: अंतर ठेवा, घेरू नका, जवळ गेलात की इंजिन बंद. नियम पाळायची किल्ली मात्र नावाड्याकडे नसते. ती मागच्या खुर्चीवर पन्नास रुपये जास्त द्यायला निघालेल्या माणसाकडे असते. आपल्या कायद्यात शांतता क्षेत्र आहे, पण ते रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं. कानांवर जगणाऱ्यांचं पाणी त्यात यावं, असं मला वाटतं.

एनडीएत असताना खडकवासल्याच्या पाण्यावर आम्ही शिडाच्या बोटी चालवायला शिकलो. वारा पडला की उस्ताद म्हणायचे, गप्प बसा, वारा आधी ऐकू येतो, मग लागतो. आम्हाला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे.

बदलीचे आदेश आले त्यानंतरच्या रविवारी मुलीला घेऊन शेवटचं सातपडाला गेलो. बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी मउसांना म्हणालो, आज नेहमीचेच पैसे, पण खाडीत शिरल्यावर इंजिन नको. त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. बराच वेळ काही झालं नाही. मुलगी कंटाळून काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात तिनं माझा हात दाबला आणि डावीकडे बोट दाखवलं. तिनं श्वास ऐकला होता. माझा तो कान गेलेला, मला काही कळलं नाही. मी वळेपर्यंत पाण्यावर नुसतं वर्तुळ उरलं होतं.

"बाबा, ऐकलंत?" तिनं हळूच विचारलं.

मी उजवा कान तिकडे वळवला आणि थांबलो. मउसांनी बांबू वर उचलून धरला. दुसऱ्यांदा मला ऐकू आला.